चार वाजेपर्यंत हळू बोला

शाळेत सहा टॅब आले त्या दिवशी मी पोरांपेक्षा जास्त नाचले, हे आधीच कबूल करते. पंचवीस वर्षं पहिलीला शिकवून राहिले. खडू, कागदी बाहुल्या, कठपुतळ्या, सगळं करून झालं. पण टॅबवर बोटानं चित्र काढायचं, माइकच्या खुणेला हात लावून गोष्ट सांगायची, आणि मग ते चित्र आपल्याच आवाजात हलू लागतं, हे पाहून मले राहवेचना. घरी येऊन तेच पुराण लावलं. नवरा रेल्वेतला, बोलणं मोजून. म्हणाला, "टॅब पोट्ट्यांसाठी आले का तुयासाठी?"

मी ठरवलं, प्रत्येकानं आपल्या घराची गोष्ट करायची आणि शनिवारी सकाळी आईवडलांना बोलावून मोठ्या पडद्यावर दाखवायची. पडद्यासाठी पंडरीच्या कापडबाजारात उतरून पांढरं कापडही घेऊन आले. आमची शाळा सिलतऱ्याच्या वाटेवर, निम्म्या पोरांचे बाप तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांत, आणि पोरांची बोली इकडची, हिंदीच्या वळणाची.

वर्गात एक मुलगी होती. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, आणि बोलायची ते कायम कुजबुजत. हजेरीसुद्धा ओठांवरून ओळखावी लागे. वर्षभर मी तिच्या मागे, "जोर से बोलो बेटा." ती मान हलवून म्हणायची, "हव मैडम," तेही कुजबुजतच. मी चिडकी बाई आहे, लपवत नाही. एकदा तर "घरात तोंडाला कुलूप लावतात का तुझ्या" असंही बोलून गेले.

तिची गोष्ट ऐकायला मी टॅबला कान लावला. पहिल्या पानावर खाट आणि खाटेबाहेर पाय गेलेला एक भला मोठा माणूस. पापा रात्रपाळी करून येतात आणि दिवसा झोपतात. म्हणून घरात चार वाजेपर्यंत सगळं हळू. नळाचं पाणी वाजू नये म्हणून ही बादलीत आधी फडकं टाकते. भाऊ आवाज बंद करून टीव्ही पाहतो. आई कुकर लावत नाही, बांगड्या कोपरापर्यंत चढवून ठेवते. हे सगळं कुजबुजत. शेवटच्या पानावर मात्र माझ्या कानाचा पडदा फाटायचा बाकी राहिला. "पापा, उठ न गा! चार बज गे!" वर्षभरात तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि मले कुलपाचं बोलणं आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पापा को नहीं मालूम," ती म्हणाली. "वो तो सोते रहते हैं न. शनिवार को देखेंगे." पापांनी पाहावं, एवढंच तिला हवं होतं. रोज येऊन विचारायची, शनिवार किती दूर आहे.

आणि मी काय केलं? गुरुवारी संध्याकाळी घरी बसून सगळ्या गोष्टी एकामागे एक जोडल्या. हिची ऐकली तर सुरुवात ऐकू येत नव्हती आणि शेवट स्पीकर फोडत होता. टॅबमध्ये एक बटण आहे, लहानमोठा आवाज सारखा करतं. ते दाबलं. एकदम छान, रेडिओवरच्या बातम्यांसारखं. स्वतःवर खूश होऊन झोपले. शुक्रवारी मोठ्या तोऱ्यात तिला ऐकवलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि मान हलवली. "ये मोर कहानी नो हे, मैडम."

ही माझी गोष्ट नाहीच, म्हणाली पोट्टी, आणि खरंच होतं. हळूचं हळू आणि मोठ्याचं मोठं, हीच तर गोष्ट होती. जुना आवाज मी पुसून बसले होते. मग दोघींनी जिन्याखाली बसून ती पुन्हा केली. कुजबुज नीट आली, आणि शेवटच्या आरोळीला शेजारच्या वर्गातल्या बाई काय झालं म्हणून धावत आल्या. बाकीच्या गोष्टी जोडून झालेल्या, म्हणून हिची सगळ्यात शेवटी लागली. तेव्हा त्यात मले काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी तिचे पापा सरळ ड्यूटीवरून आले. कपड्यांवर काळी धूळ, हातात हेल्मेट. आई आणि ते मागच्या खुर्च्यांवर बसले. मुलगी पुढून वळून वळून बघत होती. खोलीत अंधार केला, गोष्टी सुरू झाल्या. कुणाची शेळी, कुणाचा नवा कूलर, आया हसून लोटपोट. मी आनंदानं नुसती भिरभिरत होते. दहावी गोष्ट चालू असताना मागे पाहिलं, तर पापांची मान छातीवर. अजून सतरा गोष्टी बाकी होत्या.

तो माणूस रात्रभर भट्टीसमोर उभा राहून आला होता, त्याला काय बोलणार? चूक माझी, शिक्षा त्या लेकराला. तिची पाळी आली तशी मी त्यांना हलवायला निघाले, तर कुणी माझा पदर धरला. तीच. ओठांवर बोट. "मत उठाओ मैडम. पापा सुते हे."

"अगं, तुझी गोष्ट," मी म्हटलं. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा नाही म्हणून मान हलवली. तोवर गोष्ट सुरू झाली होती.

कुजबुज ऐकायला अख्खी खोली गप्प झाली. बादली आली, टीव्ही आला, कुकर आला. आणि मग स्पीकरमधून ती आरोळी. "पापा, उठ न गा! चार बज गे!"

मागे हेल्मेट दाणकन पडलं. पापा ताडकन उभे. "हव हव, उठ गेंव!"

अशी हसली खोली की विचारू नका. ते डोळे चोळत पडद्याकडे बघत राहिले. तिथे त्यांचंच भलं मोठं चित्र खाटेवर उठून बसलं होतं. मग हळूच म्हणाले, "मैडम, एक बार और चला देंगी? शुरू से."

लावली. पुन्हा डुलकी नको म्हणून ते उभ्यानंच बघत होते, लेक त्यांना चिकटून. फडकं टाकलेली बादली आली, मुका टीव्ही आला. बांगड्यांचं पान आलं तसं त्यांनी वळून शेजारी बायकोच्या हाताकडे पाहिलं. ते खुर्चीत झोपले तेव्हाच तिनं सवयीनं बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या, अजून तशाच होत्या.

"अब खाल्हे कर ले ओ," बांगड्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले. "मँय जागत हँव."