शेळीच्या अंडाशयातली शाई

शेळीच्या अंडाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या, हा माझा पीएच.डी.चा विषय. घरी कुणी विचारलं तर मी "प्राण्यांवर काहीतरी" म्हणून वेळ मारून न्यायचे. काम सांगायला सोपं: अंडाशयाच्या धमनीत सुईनं पातळ शाई सोडायची, ती टोकापर्यंत पोचली की काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. माझी शाई कुठेच पोचत नव्हती. धमनीचा तुकडा इतका आखूड, की सुई निसटायची आणि शाई माझ्या कपड्यांवर. दोन महिने हेच चाललं. शेवटी मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत एक तरी भरलेलं अंडाशय दाखव. नाहीतर विषय बदलू." मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

तो राग घेऊन मी नाशिकरोडच्या खाटीकमामांकडे गेले. तेच माझ्यासाठी अंडाशयं डब्यात बर्फावर ठेवायचे. वहीत धमनीचं चित्र काढून विचारलं, "मामा, ही नागमोडी दोरी मला कधीच धड का मिळत नाही?"

"ती व्हय? ती रोज कापून, धुऊन देतो की," मामा म्हणाले. "ताई कालेजात नेणार, साफ माल नको का? लय गिचमिड असतं ते."

चूक माझीच होती. मामा सुरी चालवायचे तेव्हा मी कायम रस्त्याकडे तोंड करून उभी राहायचे. मला बघवायचं नाही, आणि पीएच.डी. मात्र त्यातच करायची होती!

दुसऱ्या दिवशी समोर उभी राहिले. सुरीवरून नजर हलू दिली नाही. मामांनी वीतभर दोरी राखून कापलं. "बघा, हात नाय लावला."

त्या दुपारी शाई आत गेली. करडं अंडाशय डोळ्यांदेखत काळं होत गेलं आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. पुढे आठवडाभर काप विंटरग्रीनच्या तेलात मुरवून पारदर्शक केले. तेच तेल मलमात असतं, त्यामुळे लॅबला गुडघ्याच्या मलमाचा वास सुटला, सगळ्यांनी नाकं मुरडली.

महिनाअखेरीला मामांच्या दोरीची गोष्ट ऐकून मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. पिकत आलेल्या अंड्याभोवती केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं शाईनं गच्च भरलं होतं.

मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "तुझे मामा अशी अजून किती देतील?"