ही पलेट कशाची?

कुठलीही वस्तू उघडून परत जोडली की एक तरी स्क्रू उरतोच. वस्तू चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि स्क्रू आपल्या टेबलावर राहतो. परभणीत बसस्टँडजवळच्या आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात अशा स्क्रूंचे दोन डबे भरलेत. किश्श्यांचंही तसंच झालंय, फक्त त्यांना डबा नाही, म्हणून तुम्हाला सांगत बसतो.

दुकान माझं आणि सलीमभाईचं. आमच्या भागात एक पद्धत आहे. वस्तू बिघडली की लोक अख्खी वस्तू आणत नाहीत. बिघाड आत आहे, मग डबा कशाला एसटीत वागवायचा? स्क्रू काढतात, आतली सर्किटची हिरवी पलेट रुमालात गुंडाळतात आणि आमच्यासमोर ठेवतात. ती टीव्हीची की पंपाची की आणखी कशाची, हे आम्ही ओळखायचं.

आता विचारलं तर काय बिघडतं? पण सलीमभाईचा कायदा आहे. "गिऱ्हाइकालाच विचारलं, तर मग आपण कारागीर कशाचे?"

पुढचे सगळे घोटाळे या कायद्याचे.

* * *

जिंतूरकडचा एक शेतकरी पलेट ठेवून बाकावर बसला. मोठी कॉइल, जाडजूड कपॅसिटर. सलीमभाईनं भिंगातून पाहून जाहीर केलं, इमर्जन्सी लाइट आहे. मला ती डास मारायच्या रॅकेटची वाटत होती, पण एवढी ताकद लागावी असे डास कुठले, हे कळेना. वाद घालता घालता आम्ही तुटलेली तार जोडली आणि बॅटरी लावली. काहीच पेटलं नाही.

बल्ब कुठं लागतो ते बघायला सलीमभाईनं एका तारेला बोट लावलं आणि स्टुलासकट मागच्या टीव्हींच्या ढिगात जाऊन पडला.

शेतकरी शांतपणे उठला. "म्हंजे चालू झाली," असं म्हणून तो पलेट रुमालात बांधायला लागला. रानडुकरांसाठी कुंपणाला लावायचं झटका मशीन होतं ते! आधी सांगायचं ना, असं मी म्हटलं, तर माझ्याकडंच नवलानं बघत म्हणाला, "तुमी इच्चारलंच न्हाई."

* * *

चुडाव्याहून एक काकू आल्या तेव्हा मात्र सलीमभाईनंही कायदा मोडला, कारण ती पलेट कुठल्याच कंपनीची नव्हती. हातानं बनवलेली होती. काकूंचे यजमान शाळेत विज्ञान शिकवायचे, रिटायर झाल्यावर घरात असलंच काहीबाही जोडत बसायचे. मग लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली, डाव्या हातानं लिहायला जावं तर अक्षरं जुळत नाहीत. पलेट अर्धवट राहिली.

काकूंना कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळं आमचं सगळं संभाषण गल्लीनं ऐकलं. गुरुजी दिवसभर या पलेटीकडं बोट दाखवतात, मग काकूंकडं दाखवतात, आणि समजलं नाही की तोंड फिरवून घेतात, असं त्या सांगत होत्या.

"चालू न्हाई झाली तरी चालंल," त्या म्हणाल्या. "हे काय हाय तेवढं सांगा. ते काय मागायलेत तेच मला कळंना."

आम्ही पलेट पाहिली. बटणाएवढा माइक होता, आकडे मोजणारी आयसी होती, एक रिले होता. म्हणजे ही पलेट काहीतरी ऐकते, काहीतरी मोजते आणि मग काहीतरी चालू करते. काय ऐकते आणि कशाला मोजते, ते आम्हा दोघांच्याही डोक्यात शिरेना.

टाळ्या वाजवून बघू म्हटलं. आता आमच्या दुकानातून टाळी वाजली की समोरच्या टपरीवाल्यानं दोन कट चहा पाठवायचे, अशी जुनी खूण आहे. पलेटीनं एकही टाळी ऐकली नाही. टपरीवाल्यानं सगळ्या ऐकल्या. टेबलावर बारा ग्लास झाले तेव्हा आम्ही थांबलो.

काकू दर आठवड्याला यायच्या. आम्ही नाही म्हणून मान हलवली की "बरं" म्हणून पॅसेंजरनं परत जायच्या. मला त्या "बरं"ची लाज वाटायला लागली होती.

* * *

मध्येच मानवतच्या एक मावशी पलेट देऊन गेल्या. थर्मोस्टॅट होता, म्हणजे फ्रिज असणार, यावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. सलीमभाईनं जीव ओतून काम केलं आणि मावशी न्यायला आल्यावर छाती फुगवून म्हणाला, "असा गारठा करतो की तासाभरात बर्फ!"

मावशी मटकन बाकावर बसल्या. "बर्फ कशाला, बाबा? त्यात मला कोंबडीची अंडी ठेवायचीत."

फ्रिज नव्हताच तो. अंडी उबवायची पेटी! सलीमभाईनं सगळी जोडणी उलटी केली. तेवढा वेळ मावशींनी पलेटीवरची नजर हलवली नाही.

* * *

एका पलेटीवर तर आम्ही दोन दिवस घालवले. ती कुणी आणून ठेवली हेसुद्धा आठवेना. सलीमभाई म्हणाला, दवाखान्यातल्या मशीनची आहे, जपून. मीही मान डोलावली, कारण पलेट दिसायला भारी होती. आम्ही तिच्याखाली स्वच्छ फडकं अंथरलं. चहाचा ग्लाससुद्धा लांब ठेवला.

माझी बायको डबा घेऊन आली. तिनं पलेटीकडं एकदा पाहिलं.

"हे आपलं वॉशिंग मशीन हाय," ती म्हणाली. "दिवाळीपासून हातानं धुवायले मी."

दवाखाना तिथंच बंद झाला.

* * *

शेवटी एका रविवारी आम्हीच चुडाव्याला गेलो. म्हटलं, पलेट बनवणारा माणूस तिथं आहे. बोलता येत नसेल, पण बघता तर येतं ना?

घरात शिरलो तर करपल्याचा वास. आज परत वरण लागलं, दुसरं टाकते, जेवूनच जा, असं मोठ्यानं सांगून काकू आत गेल्या.

गुरुजी ओसरीत खाटेवर होते. पलेट पाहिल्याबरोबर त्यांचे डोळेच बदलले. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी एक तार दाखवली. मी ती काढून शेजारच्या पिनेला जोडली. मग एक बारीक स्क्रू दाखवला. मी पेचकसानं फिरवायला लागलो. गुरुजी मान हलवत राहिले, अजून, अजून, आणि मग हात आडवा केला. थांब. चुकणाऱ्या पोराला फळ्यापाशी उभं करावं, तसं मला वाटत होतं.

मग त्यांनी उशीखालून लांब वायर लावलेला लाल बल्ब काढला आणि आतल्या दाराकडं बोट केलं. ओसरीत लावायचा सोडून आत कशाला, ते कळलं नाही, पण स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूला, शेगडीच्या समोर एक खिळा होता, त्यावर मी तो अडकवला आणि वायर पलेटीला जोडली.

बॅटरी लावली. काही नाही. सलीमभाईनं टाळी वाजवली. काही नाही. गुरुजींनी त्याचा हात धरून खाली केला आणि तीन बोटं वर केली.

"तीन व्होल्ट?" मी विचारलं. गुरुजींनी डोळे मिटले.

"तीन मिनटं थांबा म्हणतायत," सलीमभाई म्हणाला आणि घड्याळाकडं बघत बसला. गुरुजींनी बोटं काही खाली घेतली नाहीत. इतक्या जवळ येऊन हा माणूस आमच्याशी बोलतोय, आणि आम्ही दोन कारागीर दगडासारखे बसलोय.

आत कुकरची शिट्टी झाली. पलेटीवर एक बारका हिरवा दिवा लागला.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

दुसरी शिट्टी. दुसरा दिवा.

दारातून काकू दिसत होत्या, कुकरकडं पाठ करून कणीक मळत होत्या. तिसरी शिट्टी झाली. रिले टक् वाजला आणि स्वयंपाकघरात लाल उजेड पडला.

सलीमभाई चप्पल न काढता तसाच आत पळाला आणि त्यानं गॅस बंद केला.

काकू दचकून वळल्या. आपल्या शेगडीपाशी सलीमभाई, समोर खिळ्यावर पेटलेला बल्ब, आणि दारातून दिसणारे गुरुजी, अजून तीन बोटं वर धरून बसलेले. काकूंनी बल्ब पाहिला, कुकर पाहिला. मग कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या आणि खाटेवर त्यांच्याजवळ बसल्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "एवढंच होतं तर मला सांगायचं की."