मॅनहोलबाहेरचा अनुभव

आमच्या चेन्नईतल्या अंबत्तूरच्या वर्कशॉपमध्ये भंगार आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. भंगार निदान दर शनिवारी कुणीतरी उचलून नेतं. किस्से माझ्याच डोक्यात पडून राहतात, आणि त्यातल्या बहुतेकांचे नायक राव सर!

राव सर म्हणजे आमचे दुरुस्तीप्रमुख. तंजावरचे मराठी, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात, पण प्रत्येक वाक्याला तमिळ 'मा' चिकटवून. आम्ही केमिकल कारखान्यांची प्रेशर व्हेसल्स, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या बंद टाक्या, दुरुस्त करतो. बाहेरून जाड साधं पोलाद, आतून स्टेनलेसचं पातळ अस्तर. वेल्डिंग राव सरांच्या हुकमाने, तपासणी आणि रिपोर्टवर सही माझी. उद्या व्हेसल फुटलं तर भाजणार शेजारी उभा असलेला माणूस, आणि कागदावर नाव माझं!

*

माझा पहिला दिवस. "मुलीनं आत कशाला उतरायचं, मा? मी बघतो ना." सरांनी व्हेसलच्या मॅनहोलमधून, माणूस जेमतेम उतरेल एवढ्या भोकातून, डोकं आत घातलं, टॉर्च फिरवला आणि जाहीर केलं, "ओके!"

मी वेल्डर सेल्वमला विचारलं, "सर आत कधीच उतरत नाहीत?"

"उतरायचे, मॅडम. पोट सुटायच्या आधी."

*

दुरुस्तीआधी खराब जागेवरचं अस्तर ग्राइंडरने घासून पूर्ण काढावं लागतं. कुठे राहिलंय का, ते मोरचुदाच्या पाण्याने कळतं. साधं पोलाद तांबूस होतं, स्टेनलेस पांढरंच राहतं.

"मला नजरेनं कळतं, मा. सगळं निघालंय."

मी मोरचुदाचा ब्रश फिरवला. अर्धी जागा पांढरी चकचकीत! "पाणी जुनं असेल," सर म्हणाले. मी नवीन केलं. पुन्हा तेच! सरांनी बादलीकडे संशयाने पाहिलं.

"मेट्रो वॉटर, मा. नळाचं पाणी, त्याचा काय भरवसा?"

*

वेल्डिंगनंतर तो भाग हीटर बांधून तासन्‌तास ठरावीक तापमानावर ठेवायचा आणि हळूहळू थंड करायचा, म्हणजे धातूतला ताण उतरतो. तापमानाची रेघ मशीन कागदावर काढत राहतं. एकदा ऐन हीटिंगमध्ये, भर दुपारी, अख्ख्या इंडस्ट्रियल एस्टेटचा करंट गेला. पंखे बंद, कॅन्टीनचा मिक्सर बंद, सगळे घामाने निथळतायत. संध्याकाळी चार्ट हातात आला तर रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ!

"सर, तासभर करंट नव्हता."

"बघ! तरी तापमान हललं नाही. याला म्हणतात काम!"

मी सही केली नाही. सगळं पुन्हा तापवावं लागलं. राव सर आठवडाभर माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलले.

*

खंडेनवमीच्या आयुधपूजेला आमच्याकडे लेथपासून स्टेपलरपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. सरांच्या सांगण्यावरून सेल्वमने व्हेसलच्या आत, ताज्या दुरुस्तीवरही तीन बोटं ओढली. दुसऱ्या दिवशी चिरांची तपासणी. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर आत मुरलेला लाल रंग वर येतो; मग ती जागा घासून काढायची आणि पुन्हा वेल्डिंग. सेल्वमने आधी सगळं स्वच्छ केलं, फक्त देवाचं कुंकू कसं पुसायचं म्हणून तेवढं ठेवलं!

पांढऱ्यावर तीन लाल पट्टे. मॅनहोलभोवती तीन ज्येष्ठ डोकी तासभर चर्चा करत होती. मी आत उतरले आणि बोटाने पुसलं.

"बघितलंस, मा? देवानं वाचवलं!"

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. वेल्डिंग झालं, हीटिंग झालं, बाहेर ट्रेलर उभा. फक्त माझी सही बाकी. मी आत बसून पावडर फवारली. दुरुस्तीच्या कडेने केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली.

मॅनहोलमध्ये राव सरांचं डोकं आलं. टॉर्च फिरला.

"कुंकू आहे, मा. पूस आणि सही कर."

"सर, आयुधपूजा होऊन चार महिने झाले."

"राहतं गं कुठेतरी!"

मी पुसलं, धुतलं, सगळी तपासणी पहिल्यापासून केली. रेघ तिथेच, तेवढीच.

"ट्रेलर उभा आहे, मा. माझा अनुभव सांगतो, कुंकूच ते!"

मी रिपोर्ट आणि पेन मॅनहोलमधून वर धरलं. "मग या वेळी सही तुमची, सर."

डोकं गेलं. टॉर्चही गेला. मग बाहेरून सरांचा आवाज आला.

"सेल्वम! ग्राइंडर!"