आटलेली कोयरी

माझं अक्षर वेडंवाकडं, शुद्धलेखनही कच्चं, माफ करा. मुलीच्या नव्या मोबाइलवरची बारीक चित्रं पाहून साड्यांच्या कारखान्यातला तेव्हाचा नवा मॉनिटर आठवला. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे लूमवरचा, म्हणजे मागावरचा, एक धागा. ते मोजून साडीची नक्षी काढायची माझी नवी नोकरी होती. त्या झकपक पडद्यावर चौकोन इतके बारीक, की बटणं मोहरीएवढी झाली आणि साडीची तळहाताएवढी कोयरी नखाएवढी. शेठनी काचेवर पट्टी लावली. "ताई, कोयरी आटली! वाढवा." मी पुटपुटले, "शेठ, धागे तेवढेच हायेत." "पट्टी खोटं बोलते काय?" नोकरी जाईल म्हणून मी वाढवली. लूमवरून कोयरी उतरली ती सुपाएवढी! शेठ म्हणाले, "ताई, यापुढे जरा ओरडून बोला." ते मला अजून जमलेलं नाही.