फुटलेली गाबोळी

"फुटली ती तुझ्या घाईनं! माझ्या पेनाला कशाला नावं ठेवतेस?"

"घाई? सर्वेश, आई बाजारात बसायची तेव्हा घरचे मासे मीच साफ करायचे. एक गाबोळी कधी फुटली नाही. काल फुटली. आज तुझ्यासमोर परत फुटली. बघ ना!"

सर्वेशच्या मुलुंडच्या गाळ्यात तारा, स्क्रू बाजूला सारून कल्पितानं पेपरवर सुरमई चिरली होती. अंड्यांची पातळ पिशवी फाटून टेबलभर कण पसरले होते.

दहिसरच्या कोळ्यांची ही पोर आता डोळ्यांची सर्जन. डोळ्याच्या पडद्यावर चढलेली साय सोलताना बोटांना काहीच लागत नाही, सगळा कारभार नजरेचा. म्हणून सर्वेशनं हे पेन बनवलं. टोकाला लागलेला जोर कितीतरी वाढून बोटांवर यायचा. सरावाला आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यात साय सुटल्याचं पहिल्यांदा हाताला कळलं, तेव्हा कल्पिता इथेच टाळ्या पिटत नाचली होती.

"मग पेनानं काढ की गाबोळी."

"काढली. अख्खी निघाली."

"झकास! मग भांडतेस कशाला?"

"अरे, ऐक तरी! पेन खाली ठेवलं की हात नुसता वाट बघत बसतो. आता जाणवेल, मग जाणवेल... तोवर फाटलेलं असतं."

"म्हणून तर उद्या पेनच वापर. परवानगी आलीये."

"आणि मध्येच बंद पडलं तर?"

"नाही पडणार."

"पडलं तर, सर्वेश?"

तो डोकं खाजवत राहिला. "बिनपेनाची इतकी ऑपरेशनं केलीस ना आधी?"

"तो हात आता आहे कुठे?"

उद्या ऑपरेशन सुंदराबाईचं. आईच्या शेजारी टोपली मांडणारी, एक डोळा केव्हाच गेलेला. 'उरलेला तुझ्या भरवशावर गं,' म्हणाली होती. कल्पितानं बोटं एकमेकांवर घासली. खवले लागत होते. की लागताहेत असं वाटत होतं?

"दुसऱ्या डॉक्टरला करू दे मग."

"माझ्याशिवाय ती टेबलावर झोपणार नाही."

"मग हॉस्पिटलला काय कळवू? पेन पाठवू, की नको?"

तिनं मासा पेपरात गुंडाळला. पेन डबीत ठेवलं, झाकण लावलं. परत उघडलं.

"कल्पे, हो की नाही, एवढंच सांग."

पिशवी उचलून, खांद्यानं दार ढकलत ती बाहेर पडली. डबी टेबलावर उघडीच राहिली.