खुराड्याची उघडी बाजू

उन्हाळा तापला की आई घरातल्या माणसांना विसरायची आणि कोंबड्यांच्या मागे लागायची. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं बैठं घर होतं. मागच्या अंगणात शेवग्याखाली खुराडं, त्यात अकरा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. आई मूळची दिंडोरीकडची. ती मातीच्या परळात माठाचं पाणी ओतायची, त्यात कांदा चिरून टाकायची, दाणे सकाळी आणि दिवस कलल्यावरच घालायची. दुपारी मुंगूस येतं म्हणून कोंबड्या आत कोंडायची आणि खुराड्याच्या दोन बाजूंना ओलं गोणपाट लटकवायची. दोनच बाजूंना. मला तो तिचा आळस वाटायचा.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी कॉलेजात सायन्सला होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं अशा वयात. त्या मे महिन्यात आईचं पोटाचं दुखणं वाढलं आणि तिला सरकारी दवाखान्यात हलवावं लागलं. रिक्षात बसल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"मी येईस्तोवर माझ्या कोंबड्या जगव. बाकी काय नाय केलंस तरी चालंल."

मी जीव तोडून केलं, तेच नडलं. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते हे मी पुस्तकात वाचलं होतं. दोन बाजूंनी एवढा गारवा, तर चारी बाजूंनी किती! तिसऱ्या दिवशी मी खिळे ठोकून चारी बाजूंना गोणपाट लावलं, वरूनही टाकलं, चार बादल्या ओतल्या आणि दारही झाकून टाकलं. आपल्याच हुशारीवर खूश होऊन आईचा डबा घेऊन निघाले. द्वारका चौकात बस बदलायला लागायची, त्यात परत यायला चार वाजले.

गोणपाट उचललं तर भाताच्या पातेल्यासारखी वाफ तोंडावर आली. वारा कुठूनच शिरला नव्हता. सगळ्या कोंबड्या दाराशी एकमेकींवर पडल्या होत्या. बाराच्या बारा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझं खुराडं रिकामं झालं. मी तिथंच फतकल मारून रडले.

बाबांनी शेवग्याखाली खड्डा खणला. ते एका शब्दानं रागावले नाहीत, आणि मला त्याचाच संताप आला. दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आई घरी येईपर्यंत काही बोलायचं नाही, एवढंच त्यांनी बजावलं.

आई रोज पहिल्यांदा कोंबड्यांचंच विचारायची. मी रोज खोटं बोलायची. एके दिवशी तिनं तांबडीचं, तिच्या लाडक्या कोंबडीचं, अंडं मागितलं. आता आली का पंचाईत! मी बाजारातून पोल्ट्रीचं अंडं आणलं, उकडलं, आणि पांढरं टरफल दिसू नये म्हणून घरीच सोलून नेलं. बाबा औषध आणायला गेले होते. आईनं अंडं मधून फोडलं. आतला बलक फिका, पिवळट. आमच्या कोंबड्यांचा केशरी असायचा, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं ते अख्खं अंडं सावकाश खाल्लं. पाणी प्याली. मग विचारलं, "किती राहिल्या?"

"एकपण नाही."

"चारी बाजूंनी झाकलं व्हय?"

मी मान हलवली.

"वाऱ्याची बाजू मोकळी ठेवायची असती. सांगायचं माझ्याकडूनच राहिलं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना नको सांगू मला कळलं म्हणून. लय जपतात ते."

पुढं सोळा दिवस मी रोज अंडं नेलं. बाबांसमोर ते खाताना तांबडी अजून घालते हो, असं ती म्हणायची आणि बाबांचा चेहरा खुलायचा. सतराव्या दिवशी सकाळी ती गेली.

गोणपाटाचे खिळे मीच उपटले. बाबा नंतर पुष्कळ वर्षं जगले. मे महिना आला की शेवग्याकडं बघून म्हणायचे, बरं झालं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी हो म्हणायची.