सहा वाजेपर्यंतचं कोल्हापूर

"उघडल्याबिगर कळत न्हाय," असं म्हणून तो खिशातला पाना काढायचा आणि समोरची वस्तू कुणाची, चालू की बंद, याची चौकशी न करता कामाला लागायचा. मग तो पाण्याचा पंप असो, शिलाई मशीन असो की साहेबांच्या बंगल्यातला मिक्सर. आमचं भिंतीवरचं घड्याळ रोज पाच मिनिटं मागं पडतं, एवढंच मी एकदा बोलून गेलो. चहा होईपर्यंत ते आमच्याच ताटात सुटं होऊन पसरलेलं होतं. बायको घाबरली. तासाभरात घड्याळ पुन्हा भिंतीवर लागलं आणि त्यानंतर कधी मागं पडलं नाही.

साखर कारखान्यात तो फिटर होता आणि मी टाइम ऑफिसात कारकून. कॉलनीत आमची दारं समोरासमोर. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. गाळपाच्या हंगामात मिल कुरकुरायला लागली की इंजिनिअर आधी त्याला बोलावून घेत. तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. "थांबवा," म्हणाला की मिल थांबायची. उघडून बघावं तर दोष तिथंच असायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना आपल्या हातांचा भरवसा असतो, आणि हळूहळू आसपासच्यांनाही तो वाटायला लागतो.

त्याला एकच मुलगी होती, सुजाता. नऊ वर्षांची. जन्मापासून तिच्या हृदयाला भोक होतं. चार पायऱ्या चढली तरी ओठ जांभळे पडायचे. शाळेत बाकीच्या पोरी पळापळी खेळायच्या, तेव्हा ही कट्ट्यावर बसून पुस्तक वाचायची. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असतो. तो तिला पाठ होता. चौथीत गेली तरी ते पुस्तक तिनं सोडलं नव्हतं. गंमत म्हणजे कोल्हापूर आमच्यापासून तीसच किलोमीटर, पण तिनं पाहिलं होतं ते एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत.

मुंबईहून एक सर्जन महिन्यातून एकदा त्या दवाखान्यात येत. ऑपरेशनचं बोलणं झालं तेव्हा कागद वाचायला म्हणून मिस्त्रीनं मला बरोबर नेलं होतं. डॉक्टर सरळ बोलले. नाही केलं तर पाच-सहा वर्षं. केलं आणि नीट झालं तर पुढं सगळं आयुष्य आहे. धोका मात्र आहे. "भोकं दोन आहेत की जास्त, झडप कशी आहे, हे उघडल्यावरच नक्की कळेल," ते म्हणाले.

मिस्त्रीनं मान हलवली. परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटावं, तसा त्याचा चेहरा झाला. त्यानं तिथंच होकार दिला.

वहिनींना, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोला, ते मान्य नव्हतं. "खातीया, बोलतीया, शाळंला जातीया. कशाला चिरायचं तिला?" असं त्या माझ्या बायकोपाशी म्हणत. त्याच्यासमोर एकदाच म्हणाल्या.

हंगाम सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. आम्ही चौघं सकाळी नऊला दवाखान्यात पोचलो. नर्स म्हणाली, कॉट संध्याकाळी सहाला रिकामी होईल, ऑपरेशन उद्या सकाळी, तोवर पेशंटला दमवू नका. आता दिवसभर करायचं काय, म्हणून आम्ही एकमेकांकडं बघत उभे राहिलो. सुजातानं पिशवीतून भूगोल काढला.

"मग तवर कोल्हापूर बघूया की."

मिस्त्रीनं दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. सुजातानं पुस्तकातल्या नावांपुढं पेन्सिलीनं खुणा करायला घेतल्या. रिक्षावाला आधी अंबाबाईकडं निघाला. "आमी देवळात जात न्हाय," वहिनी म्हणाल्या. पण महाद्वारासमोरून चालताना त्यांची चाल मंदावली. शिखराकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. सुजातानं खूण केली. "भायरनं बघितलं तरी चालतंय," ती म्हणाली. भवानी मंडपात मिस्त्रीनं तिला खांद्यावर घेतलं. एवढ्या मोठ्या पोरीला खांद्यावर घेतलेलं बघून लोक हसत होते. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आहेत. ती काचेला नाक लावून उभी राहिली.

"पप्पा, ह्येच्या आत काय हाय?"

"पेंढा."

"मग आतलं सगळं कुठं गेलं?"

यंत्राच्या पोटात काय काय असतं ते कॉलनीतल्या पोराटोरांना तासन् तास समजावून सांगणारा माणूस. तो वाघाकडं बघत राहिला. वहिनींनी तिचा हात धरला. "चला हितनं," म्हणाल्या, आणि आम्ही पुढची दालनं न बघताच बाहेर आलो.

टाऊन हॉलच्या बागेत भाकरी खाल्ली. "दमलीस व्हय?" असं तिला कुणी ना कुणी विचारत होतं. "मी न्हाय दमलो," ती म्हणायची. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात. पण तिची नखं निळसर झालेली मला दिसत होती.

चारच्या सुमाराला रंकाळ्यावर गेलो. तिथं एकजण मुलांना तट्टावर बसवून फेरी मारून आणायचा. सुजाता बसली. तट्टू अगदी सावकाश चालत होतं आणि ती मागं वळून आम्हाला हात करत होती. आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो होतो.

वहिनी एकाएकी म्हणाल्या, "अवो, बघा जरा. कशी हसतीया. सव्वापाचची गाडी हाय. चला, परत जाऊया. जेवढं हाय तेवढं असंच ऱ्हाऊ द्या."

तो दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासत राहिला. मग माझ्याकडं वळला. इतक्या वर्षांत त्यानं मला असलं काही विचारलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही सांगा की. काय करू?"

मी म्हणालो, "डॉक्टर उगंच सांगत न्हाईत मिस्त्री. घाबरू नका."

तो उठला आणि तट्टाकडं चालू लागला. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. सहाच्या आधी दहा मिनिटं आम्ही दवाखान्यात होतो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. भोकं जास्त होती, झडपही खराब होती. ती शुद्धीवर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गाडीतून घरी आणताना मिस्त्रीनं तिला मांडीवर घेतलं होतं आणि वळणावर गाडी हलली की तिचं डोकं सावरत होता.

हंगाम सुरू झाला तसा तो कामावर आला. पहिल्यासारखाच वेळेवर. पण मिल कुरकुरली आणि बोलावणं आलं की म्हणायचा, "तुमीच बघा." पोरं उघडायची आणि तो पाने हातात देत बाजूला उभा राहायचा. "उघडल्याबिगर कळत न्हाय" हे त्याच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. कॉलनीतल्या बायकांनीही मिक्सर त्याच्याकडं न्यायचे बंद केले.

एकदा तो माझ्या टेबलापाशी आला, हजेरीची सही केली आणि तसाच उभा राहिला. "तुमची वहिनी मला एका शब्दानं बोलली न्हाय, अण्णा," म्हणाला. "बोलली असती तर बरं झालं असतं."

हंगाम संपल्यावर त्यानं राजीनामा दिला. दोघं शिरोळकडं वहिनींच्या माहेरी गेली.

काही वर्षांनी त्या भागात मोठा पूर आला. कारखान्यानं धान्याचा ट्रक पाठवला, त्याच्याबरोबर मी गेलो. गावाबाहेरच्या शाळेत माणसं येऊन राहिली होती. व्हरांड्यात तो दिसला. केस पांढरे झालेले, एका कानानं ऐकू कमी येत होतं. मी शेजारी बसलो. तो मिलचं विचारत राहिला, माणसांचं विचारत राहिला. मग म्हणाला, "एक इचारू? त्या दिवशी रंकाळ्यावर तुमच्या मनात खरं काय हुतं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "परत जावं असं वाटत हुतं," मी म्हणालो. त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मला ते मोठ्यानं पुन्हा म्हणावं लागलं.

"मलाबी," तो म्हणाला. नजर समोरच्या पाण्यावर होती. "तुम्ही शिकलेलं. तुमचा आवाज हलला न्हाय, म्हणून मी दम धरला."

त्यात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

खिचडी आली तशी वहिनींनी त्याला हाक मारली. मला बघून त्यांनी मान हलवली, जेवून जा म्हणाल्या. ट्रकवाला घाई करत होता. मी मागच्या फळीवर चढून बसलो. शाळेत ताटल्या कमी होत्या. ट्रक वळेपर्यंत मला ती दोघं दिसत होती. मान खाली घालून एकाच ताटलीत जेवत होती.